काला अंबची मोजणी

आई, तुला जाऊन एकवीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत तुला काही लिहावं असं मला कधी वाटलं नाही. तू असतानाही आपण एकमेकींना पत्रं कुठे लिहिली होती? दोन खोल्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणाऱ्या मायलेकींना पत्रांची गरज पडत नाही, एकमेकींचा श्वाससुद्धा ऐकू येत असतो. आज लिहायला बसले ते इथल्या मराठी मंडळाच्या फोनमुळे. संक्रांतीला बस दरवर्षीसारखी पानिपतला जाणार आहे, काला अंबच्या युद्धस्मारकाला, आणि बसमधल्या मुलांची मोजणी यंदा मी करावी असं सेक्रेटरीबाईंचं म्हणणं पडलं. "तुमच्या आईच करायच्या ना पूर्वी? फिर तो आपका ही हक बनता है," असं त्या हसत म्हणाल्या आणि मीही हसून हो म्हटलं. फोन ठेवेपर्यंत गॅसवरचे तीळ करपले होते. ते टाकून दिले, नवे भाजायला घेतले, तेही करपवले. मग गॅस बंद करून इथे टेबलापाशी येऊन बसले. रविवारची दुपार आहे. मयूर विहारमधला हा चौथा मजला तू पाहिलेला नाहीस, पण गॅलरीत ऊन छान येतं. नवरा धाकट्याला घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे गेला आहे. थोरली आतल्या खोलीत आहे, दार लोटलेलं आहे, आणि बराच वेळ आतून काही आवाज आलेला नाही.

तुझी मोजणी आठवते. बसच्या दाराशी, ड्रायव्हरच्या पाठीला पाठ लावून तू उभी राहायचीस, हातात यादी आणि पेन्सिलीचा तुकडा. प्रत्येक मुलाला एक आकडा दिलेला असायचा आणि बस सुटण्यापूर्वी ज्याने त्याने आपला आकडा ओरडून सांगायचा, तोही मराठीतच. निदान या निमित्ताने दिल्लीच्या पोरांना एकोणतीस आणि एकोणचाळीस कळतील, असं तू म्हणायचीस. माझा आकडा तेरा आणि धाकट्या भावाचा चौदा. मी नऊ वर्षांची, तो सहाचा. बसमध्ये गोंगाट एवढा, मुलं कुणाच्या ना कुणाच्या मांडीवर, मध्ये थर्मास, तिळगुळाचे डबे, शाली. कुणाचं तोंड कुणाला दिसायचं नाही. तू फक्त आवाजावर खुणा करत जायचीस, आणि त्यात तुझी एकदाही चूक झाली नव्हती. मंडळातल्या बायका म्हणायच्या, यांच्या यादीवर डोळे मिटून विश्वास ठेवावा.

हीच मोजणी मी माझ्या घरात आणली. मुद्दाम नाही, आपसूक आली. कुठेही निघालो की गाडीचं दार लागायचं आणि नवरा म्हणायचा एक, मी दोन, थोरली तीन, धाकटा चार. मुलांना तो खेळ वाटायचा. थोरली तर सगळ्यांचे आवाज काढायची, तिच्या वर्गशिक्षिकेचे, लिफ्टमधल्या बाईचे, माझे सुद्धा. धाकट्याचा बोबडा 'चाल' ती असा काढायची की तो स्वतःच चमकून बघायचा. आम्ही हसायचो. मीही हसायचे, आई. अशी नक्कल कुठवर नेते हे मला चांगलं ठाऊक होतं, तरी मी तिला कधी थांबवलं नाही.

या नोव्हेंबरात धूर फार होता. तुझ्या वेळी धुकं असायचं, आता धूर असतो, एवढाच फरक. शाळा बंद करून वर्ग मोबाईलवर सुरू झाले, आणि धाकट्याचा खोकला असा वाढला की दिवसातून तीनदा वाफ द्यावी लागायची. डॉक्टर म्हणाले, जमत असेल तर पंधरा दिवस याला इथून बाहेर काढा, समुद्राकडे न्या. नवऱ्याने तेवढं एक वाक्य उचललं. त्याला तू पाहिलं नाहीस. लातूरकडचा मुलगा, यूपीएससीसाठी दिल्लीत आला, परीक्षा सुटली पण दिल्ली सुटली नाही, आता इथल्या एका मंत्रालयात माझ्यासारखाच फायली हलवतो. पंचविसाव्या वर्षापर्यंत त्याने समुद्र पाहिला नव्हता, म्हणून समुद्र म्हटलं की तो अजून लहान होतो. त्याने गुरगावच्या एका माणसाकडून कॅरव्हॅन भाड्याने आणली. चाकांवरचं घरच ते. मागे दोन बर्थ, दुमडायचं टेबल, छोटी शेगडी, पाण्याची टाकी, अगदी मागे एक आडवी काच. ड्रायव्हरच्या केबिनमध्ये दोघांपुरती जागा, आणि केबिन व मागचं घर यांच्या मध्ये हातभर सरकती खिडकी, तिला पडदा. मुलं मागे, आम्ही पुढे. मला ते पहिल्या दिवसापासून आवडलं नव्हतं. "मुलं दिसत नाहीत," मी म्हटलं. तो म्हणाला, "अगं, ऐकू तर येतात. यार, तू भी ना."

चार दिवस नुसता रस्ता तुडवून आम्ही किनाऱ्याला लागलो आणि मग खाली दक्षिणेकडे निघालो. रोज एक गाव, रोज एक खाडी. धाकट्याचा खोकला दुसऱ्या दिवशी निम्म्यावर आला, पण गेला नव्हता. तो खोकला मी झोपेतही मोजायचे. मुलांना सगळ्याचं नवल. नारळ एवढ्या वर कोण ठेवतं, पाणी खारं कुणी केलं. मला मात्र काहीतरी खटकत होतं. समुद्र फार शांत होता. किनाऱ्यांवर माणूस नाही, कुत्रं नाही, फक्त आमची चाकं आणि त्यांचे ओले ठसे. थोरली दोन दिवसांपासून घुम्यासारखी बसलेली. धाकट्याची वाफ, धाकट्याचा श्वासाचा पंप, धाकट्याला मागच्या काचेपाशी बसू दे, त्याला गार वारा लागत नाही ना बघ. तिने एकदाच म्हटलं, "हर चीज़ उसी की है. खिडकीपण त्याचीच." मी तिला सांगितलं, तू मोठी आहेस ना. हेच तू मला सांगायचीस, आणि तेच शब्द माझ्या तोंडून निघालेले मी ऐकले.

त्या दिवशी साडेचारच्या सुमाराला एका खाडीच्या तोंडाशी थांबलो होतो. पाणी लांब गेलेलं, मध्ये वाळूची पट्टी उघडी पडलेली, आणि पलीकडे एक म्हातारी वाकून तिसऱ्या, खायचे शिंपले, वेचत होती. मुलं शिंपले गोळा करत होती. पाचला निघायचं ठरलं, कारण पुढचा रस्ता अरुंद आणि अंधारात ही एवढी गाडी नको. दार लागल्याचा आवाज आला. नवऱ्याने एक म्हटलं, मी दोन, मागून तीन, आणि मग बोबडं चाल. गाडी निघाली. दहा मिनिटांनी मी पडद्याआडून विचारलं, "पंप घेतला का रे?" मागून आवाज आला, "घेतला." लाल मातीचा चढ, काजूची झाडं, एका वळणावर खाली समुद्र दिसला तेव्हा पाणी बरंच आत आलेलं होतं. मी नवऱ्याला म्हटलं, "बघितलंस, वीस मिनिटं झाली, एकदाही खोकला नाही. त्याला मानवली इथली हवा." तो म्हणाला, "बिल्कुल. मी म्हटलं नव्हतं?" मला खरोखर आनंद झाला होता, आई. पुढच्या वळणापर्यंत मी आनंदात होते. मग मला कळलं की खोकल्याची नक्कल कुणी करत नाही.

मी खिडकी सरकवली. थोरली मागच्या काचेपाशी, धाकट्याच्या जागी, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. पंप टेबलावर होता. ती एकटीच होती. मी ओरडले की नाही मला आठवत नाही, नवरा म्हणतो ओरडलीस. तेवढ्या रस्त्यावर ती गाडी वळवता येईना. एका बाजूला दगडी गडगा, दुसऱ्या बाजूला उतार, तो पुढे-मागे, पुढे-मागे करतोय आणि मी खाली उतरून हात हलवतेय, आणि समोर दरीच्या तोंडाशी ते पाणी, कसलाही आवाज न करता वर येणारं. येताना वीस मिनिटं, जाताना वीस मिनिटं, वळवण्यात गेली ती वेगळी. मी विचारलं, "तू त्याचा आवाज काढलास?" ती म्हणाली, "मुझे लगा वो ऊपर वाले बर्थ पे है." मी म्हटलं, "मागच्या काचेतून दिसला नाही तुला?" ती म्हणाली, "काच ओली होती. काहीच दिसत नव्हतं."

वाळूची पट्टी गेली होती. जिथे मुलं शिंपले वेचत होती तिथे पाणी होतं, सपाट, करडं. ते एक मिनिट मी कसं काढलं ते तुलाही सांगता येणार नाही, आणि तुला तर सांगायची गरज नाही. मग वरच्या बाजूने, सुरूच्या झाडांतून ती म्हातारी आली. एका हातात टोपली, दुसऱ्या हाताने याला धरलेलं. कमरेपर्यंत भिजलेला, ओठ निळे, छातीतून शिट्टी वाजतेय. "ह्यो पोर तुमचा काय?" ती म्हणाली. "पानी भरतंय आनि ह्यो हितं मधेच उभा. म्हटलं चल, तर म्हनतो गाडी येनार हाय, जागा सोडायची नाय." रागावून आमच्याकडे बघत ती उभी राहिली, आणि मी तिच्या पाया पडले तेव्हा पाय मागे घेतले. कुठेही चुकलास तर जागा सोडायची नाही, हे त्याला मीच शिकवलेलं. पंप दिला, पाठ चोळली, गोधडीत गुंडाळला. शिट्टी कमी झाल्यावर तो पहिलं वाक्य बोलला, "मम्मा, मैंने चाल बोला था. यहाँ से. ज़ोर से बोला था."

आम्ही पुढे गेलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी परत फिरलो. निघण्यापूर्वी नवरा टाकीत पाणी भरत होता आणि मी फडकं घेऊन मागे गेले. मागच्या काचेवर आतून दमट वाफ आणि बाहेरून खारं पाणी सुकून पांढरा थर बसला होता. खरंच काही दिसत नव्हतं त्यातून. फक्त खाली एका कोपऱ्यात, बसलेल्या मुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर, आतून आणि बाहेरून दोन्हीकडून काच पुसलेली होती. तळव्याएवढी जागा. कुणीतरी आधी बाहेरून बाहीने पुसून, मग आत येऊन आतूनही पुसली होती. खिडकी हवी असलेलं मूल करतं तसं. त्या जागेतून मी वाकून पाहिलं. किनारा नीट दिसत होता. मग मी अख्खी काच पुसून काढली. आतून, बाहेरून, चारही कोपरे. नवऱ्याने विचारलं, "अगं, आत्ता कशाला?" मी म्हटलं, "मागचं दिसलं पाहिजे ना."

घरी येऊन दोन महिने होत आले. कुणी तिला रागावलं नाही. नवऱ्याच्या मते तिने गंमत केली आणि गंमत अंगाशी आली, आठवड्याभरात विसरेल. ती विसरलेली नाही. आवाज काढणं तिने बंद केलं आहे, कुणाचेच काढत नाही. धाकटा खोकला की जेवता जेवता घास हातात तसाच धरून बसते. आणि माझ्याकडे बघते, आई. वाट बघत असल्यासारखी बघते. मी भाजी वाढते.

मी नऊ वर्षांची असताना काला अंबला जे झालं त्यानंतर तूही कुणाला फारसं काही बोलली नव्हतीस. बस हमरस्त्याला लागून बरंच अंतर गेली होती तेव्हा भावाला तिळगूळ द्यायला तू मागे आलीस आणि तो नव्हता. बस परत फिरली. तो दीड तासाने सापडला, शेताच्या बांधावर एका शेतकऱ्याच्या शेकोटीपाशी, हातात बाजरीची रोटी, रडत नव्हता. तू त्याला एक चापट मारलीस, आयुष्यात एकदाच. "मागे का राहिलास?" म्हणालीस. पुढे कित्येक दिवस तो कुणाशीच बोलला नाही. आज तो चाळिशी ओलांडून गेला आहे, तरी कुठल्याही गाडीत सगळ्यांच्या आधी चढतो. बायको चिडवते त्याला त्यावरून. मंडळाच्या बैठकीत तू उभी राहून सांगितलंस, मोजणी माझी होती, चूक माझी आहे. यादी त्यांच्या हातात दिलीस आणि परत कधी पानिपतला गेली नाहीस. मी तुझ्या शेजारीच बसले होते.

त्यानंतर तू आवाजावर मोजणं सोडलंस. आम्ही जेवायला बसलो की कणकेच्या हातानेसुद्धा दोघांच्या डोक्यांना हात लावून जायचीस, आधी माझ्या, मग त्याच्या. बाबा म्हणायचे, "दोन तर पोरं, त्यांना मोजायला हात कशाला लागतो?" मला ते लाड वाटायचे. शेवटच्या दिवसांत दवाखान्यात तू माझ्या डोक्यावर हात ठेवलास आणि म्हणालीस, "तेरा." मग थांबलीस. तो पुण्याहून निघाला होता, पोहोचला नव्हता. मी म्हटलं, "चौदा येतोय गं." तू डोळे मिटलेस आणि म्हणालीस, "तू नको सांगूस. त्याचं त्याला म्हणू दे." म्हणजे तुला माहीत होतं. कधीपासून, कुणास ठाऊक. तो आवाज माझा होता हे तुला माहीत होतं, आणि तू ते मंडळाला सांगितलं नाहीस, बाबांना नाही, मलाही नाही. मी इतकी वर्षं त्यावर निभावून नेलं. वाटायचं, आईला माहीत आहे, मग सांगायचं काय उरलं?

पण तुला अर्धंच माहीत होतं. काच पुसून झाल्यापासून उरलेलं अर्धं मी घरभर घेऊन फिरते आहे. थोरलीला मी, काच तर पुसलेली होती ना, हा एक प्रश्न अजून विचारलेला नाही, कारण उत्तर मला ठाऊक आहे. आणि तिला विचारायचं तर आधी माझं सांगावं लागेल. चार वाजता भाऊ येणार आहे, करपलेल्या तिळांच्या वासावरून मला हसणार आहे. त्याला मोजणीचं सांगायचं आहे. मंडळाला नाही म्हणायचं आहे. एवढं नक्की केलं आहे. बाकीचं जमेल की नाही, माहीत नाही. हा कागद तर कुठे जाणारच नाही, तुझ्या पोळपाटाखाली जाईल फार तर.

काला अंबला त्या दिवशी त्याने ती लाल माकडटोपी घातली होती, तू विणलेली. संध्याकाळी मला कुशीत घेऊन तू विचारलंस, "खिडकीपाशी बसली होतीस ना तू, दिसला नाही का तुला?" खिडकी त्याची होती, आई, तो खाली असताना मी घेतली होती. तो स्मारकाच्या कठड्याच्या सळईत अडकलेली टोपीची लोकर सोडवत होता, आणि तो वर आला असता तर मला उठावं लागलं असतं. मी तुला म्हटलं, धुकं होतं. तू म्हणालीस, हो गं बाळा, धुकंच फार होतं.

धुकं एवढं दाट नव्हतं, आई.